दृष्टांतातली आई

(एका माऊलीच्या प्रथम पुण्यस्मरणानिमित्त माण तालुक्यात झालेल्या कीर्तनाचे शब्दांकन. अभंगगायन व मधला नामघोष गाळला आहे. घरच्यांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.)



आत्ता आपण सर्वांनी गायलेला अभंग जगद्गुरू तुकोबारायांचा, चार चरणांचा. महाराज त्यात आईकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, देव कसा आहे हे कळत नाही ना? मग इकडे बघा. पहिल्या पुण्यस्मरणाला हा अभंग घेण्याची आता रीतच पडली आहे. रोज कुठल्या ना कुठल्या गावात, कुणाच्या तरी आईसाठी तो गायला जातो. पण मायबाप, रीत पडली की अर्थाला झोप लागते. आज त्याला थोडं हलवून जागं करू.

शास्त्रात दोन शब्द आहेत. सिद्धांत आणि दृष्टांत. सिद्धांत म्हणजे जे सांगायचं आहे ते, आणि दृष्टांत म्हणजे ज्याच्या आधारानं सांगायचं ते. सिद्धांत अनोळखी असला तरी चालतो, पण दृष्टांत मात्र ओळखीचाच पाहिजे. आम्ही विद्यार्थी असताना न्यायाचा पाठ झाला. त्यातलं पहिलं उदाहरण काय? डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथं विस्तव आहे. कशावरून? तर स्वयंपाकघरावरून. स्वयंपाकघरात धूर आणि विस्तव एकत्र पाहिलेत म्हणून. बघा, एवढं मोठं न्यायशास्त्र, पण त्याचा पहिला दृष्टांत चुलीपाशी! जो चुलीजवळ कधी बसलाच नाही, ज्याच्या डोळ्यांत धूर गेला नाही, त्याला डोंगरावरचा विस्तव कुठला कळायला?

तसंच इथं आहे. देव हा सिद्धांत, आई हा दृष्टांत. आता आई खरी ठाऊक असेल तर देव थोडा तरी कळेल. पण आपण काय करतो? आई गेली की फोटो मोठा करून घेतो, त्यात तिच्या तोंडावरच्या सुरकुत्या काढून टाकतो, लुगड्याचा रंग बदलतो, आणि हार घालून म्हणतो, आमची आई फार मायाळू, कधी कुणाला शब्दानं दुखवलं नाही. जी बाई आयुष्यभर सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी बोलली, तिला मेल्यावर आपण मुकी करतो. मग त्या खोट्या आईवरून जो देव समजतो तोही तसलाच. गुळाचा. हाक मारली की यावा, मागितलं की द्यावं, आणि कधी रागावू नये.

म्हणून आज मी आक्कांविषयी बोलणार आहे ते खरं बोलणार आहे. थोरल्या सूनबाईंनी सकाळी चहा देताना मला बजावलंय, "महाराज, निस्तं चांगलं सांगू नका. लोक हसत्याल."

सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं. पोटची लेकरंसुद्धा आई म्हणाली नाहीत, आक्काच. वय किती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी. आपल्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्या एकाच दिवशी जन्मल्या आहेत! ऐंशीच्या आसपास धरा. लग्न झालं तेव्हा अंगावर लुगडं पेलत नव्हतं एवढ्या होत्या. मालक मुंबईला, गिरणीत साच्यावर. त्या काळात माण-खटावची हीच तऱ्हा. पुरुष परळ-लालबागच्या खोल्यांत, आणि बायका इथं कुसळाच्या रानात. महिन्याला मनीऑर्डर यायची, आणि वर्षातून एकदा माणूस यायचा.

१९७२ चा दुष्काळ इथं बसलेल्या केस पांढऱ्या झालेल्या मंडळींनी पाहिलाय. मनीऑर्डर आली तरी दाणा विकत मिळेना. रेशनला तो परदेशातला लाल मिलो. त्याची भाकरी थापावी तर तव्यावर फुटायची. शाळेत आणि कामावर सुकडी. आणि काम कुठलं? खडी फोडायची, बांध घालायचा, तळं खोदायचं. आक्का खडी फोडायला जायच्या. थोरला पोरगा बोट धरून, धाकटा बाभळीच्या झोळीत. लेक तेव्हा जन्मायची होती.

खडीचं माप ब्रासवर असतं. दिवसभर फोडलेल्या खडीचा चौकोनी चट्टा रचायचा आणि मुकादमानं तो लांबी, रुंदी, उंची घेऊन मोजायचा. कामावर जो कोणी होता तो मोजायच्या आधी चट्ट्याच्या कडेला पायानं हाणायचा. कडा ढासळली की उंची कमी. बाया गप्प बसायच्या, कारण उद्याची हजेरी त्याच्याच हातात. आक्का चट्ट्यावर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "आता मोज. माज्यासकट मोज." तो म्हणाला, बाई, तुला ब्रासमधलं काय कळतं? त्यावर आक्का म्हणाल्या, "ब्रास न्हाई कळत. भाकरी कळती. तीन भाकरीचं फोडलंय आन तू दोनाचं देतुयास."

चार दिवस त्यांची हजेरी लागली नाही. हे लक्षात घ्या. गोष्ट सांगताना आपण उत्तर सांगतो आणि टाळ्या घेतो. उत्तराची किंमत काय पडली ते सांगत नाही. चार दिवस पोरांना मिलोची पेज पाणी घालून घालून पुरवली. पाचव्या दिवशी बाकीच्या बाया म्हणाल्या, तिला घ्या न्हाईतर आम्हीबी बसतो. मग घेतलं. त्यानंतर कडेला लाथ बसली नाही, असं त्यातली एक म्हातारी मला सांगत होती. ती आज समोर बसली आहे. नाव घेत नाही, लाजेल.

आता विहिरीकडे येतो. कारण आक्का म्हणजे विहीर.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. तो रीतसर मिटलाच नाही. हजारो माणसं गावाकडं परत आली, त्यांत आक्कांचे मालकही आले. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि छातीत कापसाची धूळ. दहा पावलं चालले की धाप. रान म्हणाल तर नऊ एकर, पण सगळं पावसावर. बाजरी, हुलगा, मटकी. पाऊस आला तर घरात, नाही तर मातीत. आक्का म्हणाल्या, हीर पाडायची.

पाणाड्या आणला. तो तळहातावर नारळ घेऊन रानभर फिरला, आणि माळाच्या कोपऱ्यात त्याचा नारळ उभा राहिला. आक्का म्हणाल्या, "नारळ तुमचा. मी उंबराखाली पाडनार." वढ्याच्या अंगाला एक उंबर होता, चैत्र-वैशाखातही हिरवागार. लोक हसले. बाई पाणाड्यापेक्षा शहाणी झाली! पण सज्जनहो, वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा एक अख्खा अध्याय आहे. कुठलं झाड कुठं असलं म्हणजे जमिनीत पाणी कुठल्या बाजूला सापडेल, याचा विचार त्यात केलेला आहे, आणि त्या झाडांत उंबर आहे. आक्कांना अक्षर येत नव्हतं. वराहमिहिर कोण, हे त्यांनी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी उंबर बघितला होता, एवढंच. बघणं हीसुद्धा विद्याच आहे.

तीन उन्हाळे लागले. सुरुंग लावायला माणूस यायचा, बाकी सगळं घरचं. यारीवर मालक बसायचे, कारण त्यांना बसूनच काम जमायचं. खाली आक्का आणि थोरला. डबर भरायचा, वर पाठवायचा. डोरलं पहिल्या उन्हाळ्यातच गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात शेळ्या गेल्या. तिसऱ्या उन्हाळ्यात काळा पाषाण लागला आणि सुरुंगवाला म्हणाला, आता सोडा. त्या वेळी भावकीतली चार माणसं समजूत घालायला आली. आक्का त्यांना म्हणाल्या, "तुमी वरनं बघतायसा. मी खालनं बघती. खाली दगड वला हाय."

सातव्या परसाला पाणी लागलं. त्या दिवशी कुणी गुलाल उधळला नाही, पेढे वाटले नाहीत. आक्कांनी एक घागर भरून उंबराच्या बुडात ओतली आणि कामाला लागल्या. मालक त्यानंतर थोडीच वर्षं जगले, पण हिरव्या रानाकडं बघत जगले.

आता त्यांच्या जिभेकडं येतो. आक्का फटकळ होत्या. सुनेनं केलेली भाजी ताटात घेऊन त्या जे बोलायच्या ते मी इथं सांगू शकत नाही, व्यासपीठावर आहे. थोरल्या सूनबाई मला म्हणाल्या, "लग्नाला सत्तावीस वर्सं झाली. आक्कानी मला येकदाबी 'बरं केलंस' म्हटलं न्हाई. मी लई रडले या घरात." आणि त्याच दमात म्हणाल्या, "पर म्हस घेतली तवा दुधाचं बिल माज्या खात्यावर जमा करायला लावलं. पोराच्या न्हाई, माज्या. म्हनल्या, धार जी काढती तिचा पैका." त्या काळी आपल्या गावात कुठल्या सुनेच्या नावावर खातं होतं, आठवा जरा.

आता कुणी म्हणेल, बघा, वरून काटेरी, आतून गोड, फणसासारखी. मी तसं म्हणणार नाही. खातं काढून दिलं म्हणून रडलेलं रडू पुसलं जात नाही. दोन्ही झालं. दोन्ही खरं आहे. सूनबाई दोन्ही सांगतात, आणि वर्षभर रोज फोटोपुढं दिवाही त्याच लावतात.

देहूच्या जिजाईचं नाव कीर्तनात निघालं की लोक हसायला सावरून बसतात. आता जिजाई तुकोबांना कशी बोलते, पांडुरंगाला कशी काळ्या म्हणून शिव्या देते, याची गंमत ऐकायला मिळणार. पण थोडं थांबून बघा, ही बाई कोण? पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची लेक. खात्यापित्या घरातून आलेली. दुष्काळात थोरली सवत, रखुमाई, अन्नावाचून गेली. लेकरू गेलं. व्यापार बुडाला. मालकांचं चित्त संसारातून उठलं आणि ते भंडाऱ्याच्या डोंगरावर नामस्मरणात बसू लागले. घरात पोरं. आता भाकरी कुणी करायची? पीठ कुठनं आणायचं? आणि ती भाकरी डोंगर चढून वर कुणी न्यायची?

जिजाई न्यायची. शिव्या देत न्यायची, पण न्यायची. वाटेत पायात काटा मोडला आणि तो पांडुरंगानं स्वतः काढला, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. देव तुकोबांसाठी आला, हे आपण सांगतो. मला विचाराल तर देव तिच्यासाठीच आला होता. कारण ज्याची भाकरी चुकली नाही त्याच्या पायातला काटा देवाला टोचतो.

आणखी एक सांगतो, हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. तुकोबाराय वैकुंठाला गेले तेव्हा धाकटे चिरंजीव नारायण महाराज जिजाईच्या उदरात होते. बापाचं तोंड न बघितलेलं ते लेकरू त्या माऊलीनं वाढवलं. आणि त्याच नारायण महाराजांनी १६८५ साली तुकोबारायांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबारायांच्या पादुका बरोबर घेतल्या आणि पंढरीचा पालखी सोहळा सुरू केला. आज लाखो माणसं ज्ञानोबा-तुकाराम म्हणत चालतात त्या वाटेच्या मुळाशी एक विधवा बाई आहे, जिची जीभ तिखट होती आणि जिचं पोर उपाशी राहिलं नाही.

विठ्ठल, विठ्ठल.

मालक गेल्यावर आक्कांनी माळ घातली आणि आमच्या दिंडीत आल्या. माळ घातली, पण मिसरी काही सुटली नाही. विणेकरीबुवा एकदा म्हणाले, आक्का, वारकऱ्यानं व्यसन सोडावं. आक्का म्हणाल्या, "तुमच्या पहाटेच्या काकड्याला मी उठती ती मिसरीच्या जिवावर. सोडती. मग काकडा दुपारी धरा."

आळंदीहून निघालो की दिवे घाटापर्यंत त्या कुणाशी बोलायच्या नाहीत, नुसतं चालायच्या. घाट चढून सासवडला आलो की मग तोंड सुटायचं. दीडशे माणसांची दिंडी. रात्री दोनला उठून चुलवणं पेटवायची. पाऊस असला की लाकूड ओलं. आमच्या तंबूत धूर भरायचा आणि आम्ही तोंडावर धोतर ओढून झोपायचो, तेव्हा ती बाई त्या धुरात काठवटीपुढं बसलेली. डोंगरावरच्या धुराचा दृष्टांत मी शाळेत शिकलो खरा, पण तो बघितला दिंडीत. जेवणात भेद चालू देत नसत. पुढारी आला तरी पंगतीत, आणि शेवटच्या पंगतीला. एकदा तरडगावच्या अलीकडं, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला सगळी दिंडी पळाली. मी मागं वळून पाहिलं तर आक्का ट्रकपाशी भांडी घासत बसलेल्या. म्हटलं, आक्का, चला, माऊलींचा अश्व निघाला. तर म्हणाल्या, "घोडा पळतुया ते मला ठावं हाय. ही पातेली कोन घासनार ते त्या घोड्याला ठावं न्हाई."

२०२० साली करोनामुळं पायी वारी झाली नाही. पादुका एसटीनं गेल्या. आम्ही पुरुष माणसं रडलो. मी आक्कांना फोन लावला. वाटलं, म्हातारी खचली असेल. तिकडून आवाज, "देवाला एसटी मिळाली, बरं झालं. त्येचं बी पाय दुकत असत्याल. मला कांदा खुरपायचाय, ठेवा आता."

आजी म्हणून त्या कशा होत्या? मांडीवर घेऊन गोष्टी सांगणारी आजी त्या नव्हत्या. थोरल्यांची लेक पोलीस भरतीची तयारी करत होती. मुलींना आठशे मीटर धावावं लागतं. पोरगी पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर धावायची. गावात कुजबुज सुरू झाली. तरणी पोर, अर्धी चड्डी, अंधारात. बाप म्हणाला, राहू दे. आक्कांनी काय केलं? दुसऱ्या दिवसापासून पहाटे बॅटरी आणि काठी घेऊन मोरीवर जाऊन बसायच्या. पोरगी जायची, यायची. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडावर बॅटरी मारायच्या आणि विचारायच्या, "कोन रं? काय बगतुयास?" आठवडाभरात कुजबुज बंद झाली. पोरगी पहिल्या भरतीत राहिली, दुसऱ्यात लागली. आज ती रजा काढून आली आहे, मागं पाण्याच्या टाकीपाशी वाढपाचं बघते आहे. आजीसारखीच उभी आहे. बसत नाही.

आणि आता लेकीचं. हे सांगायला मी दोन्ही भावांची परवानगी घेतली आहे, तिचीही घेतली आहे.

आक्कांची लेक एकोणीस वर्षांपूर्वी सहा महिन्यांचं पोर घेऊन माघारी आली. का आली ते सांगण्याचं कारण नाही. तिच्या पाठीवर जे होतं ते आक्कांनी पाहिलं, तेवढं पुरे. दोनदा माणसं न्यायला आली. भावकी म्हणाली, लेकीची जात, सासरीच बरी. आक्का म्हणाल्या, "न्यायला आलाय, न्या. पर आदी मला न्या. चार दीस मी ऱ्हाती तिथं. मग ठरवू." कुणी नेलं नाही. लेक राहिली. आक्कांनी तिला दुसऱ्या दिवशी खुरपं दिलं आणि विहिरीखालच्या रानात नेलं. कांदा, घास, भाजीपाला. एकोणीस वर्षं ते रान तिनं केलं. भावांनीही कधी हात धरला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

गेल्या पौषात आक्का गेल्या. घासाचं ओझं आणून टाकलं, गव्हाणीला टेकून बसल्या, त्या उठल्या नाहीत.

दशक्रियेला माणगंगेच्या पात्रात सगळे जमलो. पाणी कुठलं, वाळूच. पिंड मांडले. बाभळीवर चार कावळे. एकही खाली येईना. मग सुरू झालं. कुणी म्हणालं चहा ठेवा, तिला चहा लागायचा. ठेवला. कुणी मिसरीची डबी ठेवली. थोरले म्हणाले, आक्का, वारी मी चालवीन. कावळा हलेना. नातीनं काहीतरी मनातच सांगितलं. तरीही नाही. ऊन चढलं. तेव्हा धाकटे पुढं आले. त्यांच्या खिशात एक कागद होता. दहाव्याच्या आधीच भावकीतल्या एका शहाण्यानं हक्कसोडपत्राचा मसुदा करून दिला होता. बहिणीला साडीचोळी करायची आणि सही घ्यायची. चाललंय सगळीकडं हेच. खरं तर बापाच्या मागं लेकीला वाटा आहे हे १९५६ च्या वारसा कायद्यापासून ठरलेलं आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित रानात ती जन्मानंच भावाच्या बरोबरीची आहे. पण कायदा तहसिलीत असतो आणि बहीण उंबऱ्यात असते. माहेर तुटेल म्हणून ती सही करते. धाकट्यांनी तो कागद काढला, दोनशे माणसांसमोर फाडला आणि ओरडून म्हणाले, "आक्का, ताईची सही घेनार न्हाई."

मंडळी, तुम्हाला वाटलं असेल आता कावळा शिवला. नाही शिवला. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. परत येताना माणसं चुकचुकत होती, म्हातारीचा जीव अडकलाय म्हणून. मला विचाराल तर शिवला नाही ते बरं झालं. शिवला असता तर आजपर्यंत तुम्ही कावळ्याचीच गोष्ट सांगत बसला असता, आणि दिलेला शब्द त्या कावळ्याबरोबर उडून गेला असता. आता तो शब्द वाळूवर तसाच पडलेला आहे. दोनशे माणसांनी ऐकलेला.

वारस नोंद लागली. सातबाऱ्यावर तिघांची नावं आली. उतारा मी मागितला नव्हता, सकाळी धाकट्यांनी आपणहून दाखवला. आनंद वाटला. पण नाव लागणं वेगळं आणि वाटप वेगळं. नऊ एकरांत सहा माळ आहे, तीन विहिरीखालचं. तिघांना तीन तीन. पण कुठले तीन? बहिणीला तिन्ही माळावरचे दिले तरी कागदावर बेरीज बरोबरच येते. तिथं नारळ उभा राहिला होता, पाणी नाही.

आक्कांच्या शेवटच्या वारीत, वाखरीच्या तळावर, रात्री त्या पीठ मळत होत्या आणि मी शेकायला चुलीपाशी बसलो होतो. म्हणाल्या, "महाराज, मी गेल्यावर कीर्तन ठिवत्याल. तुमालाच बोलवत्याल. तवा माज्यावर ग्वाड बोलू नका. येकच सांगा. समद्यास्नी दोन येकर माळ आन येक येकर हिरीखालचं. लेकीलाबी तसंच. तिचा हात लागलाय त्या मातीला." मी म्हटलं, आक्का, हे तुम्हीच का नाही सांगत पोरांना? त्या हसल्या. म्हणाल्या, "मी सांगितलं तर भांडान हुतंय. तुमी सांगितलं तर कीर्तन हुतंय."

दीड वर्ष तो निरोप माझ्याकडं होता. आता तुमच्याकडं दिला. मी तलाठी नाही, वाटेकरी नाही, नुसता निरोप्या आहे. थोरले, धाकटे, मान खाली घालू नका. लेक मागं बायकांत बसली आहे, तिनं मला हे सांगायला लावलेलं नाही. तिला हे आत्ताच कळतंय, तुमच्याबरोबर. मोजणी उन्हाळ्यात करून घ्या. पाऊस झाला की पेरणीची घाई लागते, मग राहून जातं.

प्रसादाला भाकरी आणि हुलग्याचं माडगं आहे. शेवटच्या पंगतीपर्यंत पुरेल एवढं केलंय, नात स्वतः बघते आहे. कुणी तसंच निघून जाऊ नका. टाळकरी, उभे राहा.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय.